एवढी स्वस्ताई होती तर १९३२ ला पणजीच्या पाटल्या का विकल्या?

कोथरूडकर७७:
रविवारी माळा आवरताना पणजोबांची जमाखर्चाची वही सापडली. बरीचशी मोडीत आहे पण शेवटची पानं बाळबोध. मूळ गाव जुन्नरकडे, थोडीफार जमीन होती. १९३२ च्या पानावर "पाटल्या जोड १, रविवारात दिल्या" एवढंच लिहिलंय, म्हणजे रविवार पेठेतल्या सराफाकडे असणार. आता आजी कायम सांगायची की तेव्हा काय स्वस्ताई होती, धान्य कसं मातीमोल मिळायचं. मग स्वस्ताईत सोनं विकायची पाळी का यावी? ऑफिसात एकजण म्हणतो तेव्हा जगभर महागाईच होती, जर्मनीत पोतंभर नोटा देऊन पाव घ्यायचे आणि त्यातूनच हिटलर आला. मला तर काही टोटल लागेना.

पायली_शेर:
अहो स्वस्ताई होती म्हणूनच विकल्या! बांधलेला पगार असलेल्या कारकून-मास्तरांची चैन होती, पण ज्याला माल विकून पैसा करायचा त्याचं मरण. १९२९ नंतरच्या मंदीत आपल्याकडे शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण शेतसारा रोख आणि ठरलेला, सावकाराचं व्याजही ठरलेलं, म्हणजे तेवढेच रुपये उभे करायला दुप्पट ज्वारी घालायची. वर १९२७ पासून रुपया ब्रिटिश नाण्यात १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला, म्हणजे महाग, त्यामुळे बाहेरचा माल इथे स्वस्त पडायचा; १ शिलिंग ४ पेन्स ठेवा म्हणून इथले गिरणीवाले ओरडत होते, पण ऐकतो कोण.

आता सोन्याचं. कायद्याने ठरलेला भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, पौंड घसरला, रुपया पौंडाच्याच शेपटीला बांधलेला म्हणून तोही, त्यामुळे इथे सोनं चढलं. शेतातलं सगळं पडलेलं आणि अंगावरचं तेवढं महाग, मग माणूस काय विकणार? गावोगावचे दागिने वितळून मुंबईहून बोटीने लंडनला गेले. सरकार खूष, कारण त्यातून लंडनची देणी भागत होती.

शनिवारातला:
+१. आणि ऑफिसातल्या मित्राने दोन गोष्टींची भेळ केलीये. पोतंभर नोटा १९२३ च्या. नोव्हेंबरात १ डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, हो, लाख कोटीच. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये उठाव केला तो फसला आणि गडी तुरुंगात गेला. मग रेंटेनमार्क आणला, बारा शून्यं उडवली, गाडी रुळावर. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पार्टीला फक्त १२ जागा होत्या. त्याला वर आणलं ते तुमच्या वहीतल्या पानाने, म्हणजे मंदीने. मे १९३१ ला व्हिएन्नातली क्रेडिट आनस्टाल्ट बँक कोलमडली, हादरे जर्मनीपर्यंत आले, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांच्या आसपास बेकार, आणि चॅन्सेलर ब्रुनिंग पगार आणि बेकारभत्ता कापत बसलेला. जुलै १९३२ मध्ये हिटलरच्या पार्टीला २३० जागा. महागाई लोकांच्या लक्षात राहते कारण नोटांच्या ढिगाचे फोटो आहेत, नसलेल्या पैशाचा फोटो कसा काढणार.

सोलापुरी_चादर:
नुसतं पैशाचंच काय घेऊन बसलाय. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर आमचं सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. जुलैत तुमच्याच फर्ग्युसनच्या लायब्ररीत वासुदेव बळवंत गोगट्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या, तो वाचला. वहीत महिना दिलाय का?

कोथरूडकर७७:
भाद्रपद वद्य आहे. तिथी पुसलीये.

सोलापुरी_चादर:
म्हणजे सप्टेंबरचा शेवट. येरवड्यात गांधीजींचं उपोषण आणि २४ तारखेला आंबेडकरांबरोबरचा पुणे करार, सगळं त्याच पंधरवड्यातलं! वहीत काही उल्लेख?

कोथरूडकर७७:
अजिबात नाही. आत्ता परत बघितलं. पाटल्यांच्या खाली "सावकारास व्याज पावते केले", त्याखाली बैलाची पेंड, आणि मग बारीक अक्षरात "घरी बांगड्या काचेच्या, २ आणे".