दहा पाकळ्या नव्हेत, पाचच!

तुम्ही फोटो टाकलेल्या आल्प्समधल्या या इवल्याशा निळ्या फुलाला वर 'फरगेट-मी-नॉट' ठरवलंय, ते काही पटलं नाही; हे जेन्शियाना वंशातलं फूल आहे. फरगेट-मी-नॉटची पानं लवदार, एकाआड एक, आणि फुलाच्या मध्यभागी बहुधा पिवळं कडं. इथे पानं गुळगुळीत, समोरासमोर जोडीनं आलेली, आणि मध्यभाग पांढरा.

फोटो जरा मोठा करून बघा. तुम्ही दहा पाकळ्या मोजल्यात, पण खऱ्या पाचच. दोन पाकळ्यांच्या बेचक्यात टोकाला दुभंगलेली जी चिमुकली घडी दिसते, ती वेगळी पाकळी नव्हे. खाली सगळं जुळून लांब नळी झालीय. ही घडी म्हणजे जेन्शियाना वंशाची सहीच म्हणा ना! जेन्शियानेला या जवळच्या वंशात ती नसते.

आता जेन्शियानातली कुठली जात, व्हर्ना की बव्हारिका? ते बुडाशी कळतं. व्हर्नाला जमिनीलगत मोठ्या, टोकदार पानांचा गुच्छ असतो. बव्हारिकाला तो नसतो, पानं बोथट, गोलसर. तुमच्या फोटोत नेमकं बूडच गवतात लपलंय! माझा कौल व्हर्नाला, पण पैज लावणार नाही. बाजूनं, अगदी जमिनीशी वाकून काढलेला फोटो असेल तर टाका. आणि पुन्हा गेलात तर उन्हात जा, ढग आला की ही फुलं मिटून बसतात.