मदत हवी आहे: वजन जास्त असलेल्यांची जठराच्या कॅन्सरची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया

वडील, वय ६३, देवगड तालुक्यात राहतात. उंची ५ फूट ५ इंच, वजन ८६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ च्या वर. जठराच्या खालच्या भागात कॅन्सर आहे. केमोच्या ४ फेऱ्या झाल्या, आता मुंबईत दुर्बिणीतून जठराचा तो भाग काढणार आहेत. डायबेटिस आहे, शुगर आटोक्यात आहे. हृदयाची तपासणी ठीक. तंबाखू सोडलीय.

सर्जन म्हणाले, पोटातली चरबी जास्त असली की स्वादुपिंडाजवळच्या लसिका ग्रंथी काढायला वेळ लागतो, तिथून गळती किंवा छातीत कफ साठण्याचा धोकाही थोडा वाढतो. पण आत्ता उपाशी राहून वजन उतरवायचं नाही, प्रथिनं वाढवायची. त्यामुळे 'आधी बारीक करा' हा सल्ला कृपया नको, गावात रोज मिळतोच! श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर चालू आहे. श्वास ओढला की दोन चेंडू वर जातात, तिसरा नुसता हलतो. सकाळ-संध्याकाळ चालणंही सुरू आहे.

अडचण घराची आहे. रस्त्यापासून खाली जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरावी लागते, गाडी दारात येत नाही. घरी आई एकटीच.

तुमच्या घरी एवढ्याच वजनाच्या कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल तर सांगा: ड्रेन (पोटातली नळी) कधी काढला, कोकणापर्यंतचा प्रवास कितव्या दिवशी जमला, आणि पायऱ्या आधाराशिवाय कधी चढता आल्या? की थोडे दिवस मुंबईतच खोली घेऊन राहणं बरं?