मदत हवी आहे: दक्षिण जॉर्जियात विक्रीसाठी चवळी, कोणता वाण लावावा?

मातीत_हात

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन गावाच्या जरा खाली, इथल्याच एका शेतकऱ्याबरोबर भागीदारीत बारा एकर कसायला घेतोय. पीक ठरलंय: चवळी. इथे तिला सदर्न पी किंवा काउपी म्हणतात, आणि बोलताना नुसतंच 'पीज'. वाणावर मात्र गाडी अडली आहे. बियाण्याचा कॅटलॉग उघडला की ब्लॅकआय, पिंकआय, क्राउडर, क्रीम, झिपर अशी रांगच लागते आणि प्रत्येकासमोर 'भरघोस उत्पादन' लिहिलेलं असतं. लाल की पांढरी, एवढाच प्रश्न विचारायची सवय असलेल्या माणसाने काय करावं?

जमीन रेताड, निचरा उत्तम, पीएच 6.1. पिव्हटचं, म्हणजे शेतात गोल फिरणाऱ्या तुषार यंत्राचं पाणी आहे. गेली दोन वर्षं कापूस, त्याआधी भुईमूग.

विक्रीचे दोन मार्ग डोळ्यांसमोर आहेत. एक, हिरवे दाणे सोलून, थंड करून, पिशव्यांत भरून रस्त्याकडेच्या स्टँडवर आणि शेतकरी बाजारात विकायचे. दुसरा, एक लहान फ्रीझिंगवाला आहे, तो घेईन म्हणतो, पण त्याला माल एकदम हवा, रोज थोडा थोडा नको. सोलणी यंत्र भागीदाराकडे आहे, जुनं पण चालू. मजूर ही खरी अडचण, कारण तोडणीच्या दिवसांत आजूबाजूच्या भाजीपाल्याच्या शेतांवर सगळे गुंतलेले असतात.

माझी यादी: पिंकआय पर्पल हल बीव्हीआर, कोरोनेट, क्विकपिक, मिसिसिपी सिल्व्हर, झिपर क्रीम आणि कॅलिफोर्निया ब्लॅकआय 46. यातलं काय ठेवू, काय काढू? की यादीच चुकली आहे?

---

तिफण

यादी वाईट नाही, पण सहाही वाण एका रांगेत उभे करून 'कोणता चांगला' असं विचारता येणार नाही. आधी दोन गोष्टी ठरवा. दाणा हिरवा विकायचा की सुका, आणि तोडणी हाताने की यंत्राने. त्यावर निम्मी यादी आपोआप गळते.

कॅलिफोर्निया ब्लॅकआय 46 आधी काढा. वाण नावाजलेला आहे, पण तो कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात, पाटपाण्यावर, सुका दाणा घेण्यासाठी तयार केलेला. तिथे जुना ब्लॅकआय 5 मर रोगाला बळी पडायचा, म्हणून 1980 च्या दशकात 46 आला. पुढे 27 आला, त्यात मर रोगाच्या आणखी एका प्रकाराला प्रतिकार आहे आणि फुलोऱ्यात गरम रात्री झाल्या तरी शेंग धरते. पण तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची वादळं रोजची. वाळत आलेल्या शेंगेवर पाऊस पडला की पांढऱ्या दाण्यावर डाग येतात, आणि डागाळलेला ब्लॅकआय कुणी घेत नाही. सुक्या चवळीचा धंदा कॅलिफोर्निया आणि टेक्सासला करू द्या.

हिरव्या दाण्यासाठी तुमच्या भागात पिंकआय पर्पल हल हाच राजा. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. शिवाय शेंग जांभळी झाली की तोडायची वेळ झाली हे नवख्या मजुरालाही कळतं. हिरव्या सालीच्या वाणात तो अंदाज हाताला यायला वेळ लागतो.

---

शेवंती_ऑगस्टा

तिफण यांच्याशी सहमत, पण 'पिंकआय पर्पल हल' एवढंच पिशवीवर बघून बी उचलू नका. शेवटचं बीव्हीआर महत्त्वाचं. चवळीवर मोझॅक पाडणारा एक विषाणू आहे, मावा तो पसरवतो आणि तो बियाण्यातूनही येतो. बीव्हीआर म्हणजे त्या विषाणूला प्रतिकारक निवड. जुन्या साध्या पर्पल हलचं बी अजूनही फिरतंय, घरी राखलेलं तर हमखास तेच असतं. चवळीत स्वपरागीभवन होतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो म्हणून लोक बी राखतात, ते ठीक. पण राखलेल्या बियाण्याबरोबर रोगही राखला जातो. बारा एकराला प्रमाणित बीच घ्या.

आणि हो, पर्पल हल सोलली की अंगठे जांभळे होतात. स्टँडवर 'न सोललेल्या शेंगा स्वस्त' अशी पाटी लावलीत तर म्हाताऱ्या आजी-आजोबांची रांग लागेल. त्यांना ते अंगठे आवडतात.

---

पाटाचं_पाणी

आर्कान्सामध्ये एमर्सन नावाच्या गावात 1990 पासून पर्पल हलचा उत्सव भरतो आणि त्यात रोटरी टिलरच्या शर्यती लागतात. आपल्या शंकरपटाचे सख्खे चुलत भाऊ!

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. चालू द्या.

---

मातीत_हात

टिलरची शर्यत, हे भागीदाराला सांगायलाच हवं :)

तिफण, ब्लॅकआय 46 काढला. पण मग क्विकपिक आणि कोरोनेटचं काय? तेही पिंकआयच ना? त्यांच्यात आणि बीव्हीआरमध्ये शेतात दिसण्याजोगा फरक काय?

---

तिफण

फरक झाडाच्या ठेवणीत आहे, आणि तुमच्या मजुरांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

साधा पर्पल हल अर्धवट पसरतो. पाणी आणि नत्र जास्त झालं की वेलीच वेली. शेंगा टप्प्याटप्प्याने पिकतात, म्हणजे त्याच ओळीत पुन्हा पुन्हा तोडे. घरच्या बागेला छान, स्टँडलाही छान, कारण रोज ताजा माल. फ्रीझिंगवाल्याला मात्र नको.

क्विकपिक ताठ उभा राहतो, शेंगा पानांच्या वर धरतो आणि बहुतेक शेंगा एका वेळी तयार होतात. नावातच कारण आहे. हाताने तोडणाऱ्यालाही वाकून पानांत शोधावं लागत नाही, आणि बीन हार्वेस्टर भाड्याने मिळाला तर एका फेरीत शेत रिकामं. टॉप पिक नावाने विकले जाणारे वाणही याच ठेवणीचे, तेही बघा. कोरोनेट या दोन टोकांच्या मध्ये: पर्पल हलपेक्षा आटोपशीर आणि लवकर येणारा.

म्हणून मी असं करेन: फ्रीझिंगवाल्यासाठी क्विकपिक, स्टँडसाठी बीव्हीआर, आणि तोही एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत. पेरा जर एकाच दिवशी केलात तर माल एकदम येऊन शीतपेटीत जागा उरणार नाही आणि पुढच्या आठवड्यात स्टँड रिकामा.

झुडुपी वाण दाट पेरतात, फुटाला चार ते सहा दाणे. पसरणारे विरळ, फुटाला एक-दोन. पेरणी यंत्राची तबकडी दोन्ही वाणांना तीच ठेवू नका.

---

काळी_माती

वाणावर एवढी चर्चा चाललीये आणि कर्क्युलिओचं नाव कुणी काढलं नाही? दक्षिण जॉर्जियात चवळीचा धंदा बसवला तो त्या भुंग्याने. माझं मत रोखठोक: तुमच्याकडे वाण दुय्यम आहे, भुंगा मुख्य.

काळा, पाठीला कुबड, पुढे सोंड, गव्हाच्या दाण्याएवढा. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो आणि खाली पडतो, म्हणून अनेकांना दिसतच नाही. मादी कोवळ्या शेंगेला सोंडेने भोक पाडून थेट आतल्या दाण्यात अंडं घालते. अळी दाण्यातच वाढते. बाहेरून शेंगेवर नुसता बारीक फोडासारखा व्रण. सोलल्यावर ट्रेमध्ये पांढऱ्या अळ्या वळवळतात आणि फ्रीझिंगवाला अख्खा लॉट परत पाठवतो. तो उत्पादनातली तूट सोसेल, अळी नाही.

वर्षानुवर्षं एकाच गटाची औषधं, पायरेथ्रॉइड, मारून मारून जॉर्जिया आणि अलाबामात हा भुंगा त्यांना दाद देईनासा झालाय. त्यामुळे आधी शेतीच्या पद्धतीने त्याला अडवा. भुंगा उडायला आळशी, बराचसा चालतच फिरतो. थंडीत शेताच्या कडेच्या पालापाचोळ्यात दडतो आणि वसंतात इव्हनिंग प्रिमरोझसारख्या तणांवर पोट भरतो. म्हणजे गेल्या वर्षी जिथे चवळी होती तिथून जेवढं लांब जाल तेवढं बरं. कडेची तणं वेळेत काढा. तोडणी संपली की त्याच दिवशी शेत मोडा, 'उरल्यासुरल्या शेंगा शेजारी नेतील' म्हणून ठेवू नका. फवारणी करायचीच तर पहिली शेंग पिनेएवढी असतानाच सुरू व्हायला हवी आणि दर तीन ते पाच दिवसांनी चालू हवी. शेंगा भरल्यावर जागं होऊन उपयोग नाही, अळी दाण्याच्या आत, औषध सालीच्या बाहेर.

इथेही शेंगा एकदम धरणारा वाण फायद्याचा ठरतो. जेवढे दिवस कोवळी शेंग शेतात, तेवढे दिवस फवारणी. पसरट पर्पल हलला ती खिडकी लांबत जाते.

---

मातीत_हात

काळी माती, हे वाचून पोटात गोळा आला. भागीदाराला विचारलं. या शेतात गेल्या कित्येक वर्षांत चवळी नव्हती, पण पलीकडच्या रस्त्याला लागून एका वयस्कर गृहस्थांची मोठी बाग आहे आणि ते दर वर्षी चवळी लावतात. रस्ता आणि ओढा मध्ये आहे. तेवढं अंतर पुरेल का?

---

काळी_माती

पुरेल असं लिहून देणार नाही. पण तुमची पहिली तुकडी त्या बाजूला लावू नका, शेताच्या उलट्या टोकाला लावा. फुलं दिसू लागली की पहाटे ओळीत पांढरं कापड पसरून झाडं झटका. मेल्याचं सोंग घेणारे कापडावर पडतात आणि मोजता येतात. आणि त्या आजोबांशी ओळख करून घ्या. हंगाम संपल्यावर त्यांची बाग तुम्हीच ट्रॅक्टरने मोडून द्या, दोघांचंही भलं.

---

शेवंती_ऑगस्टा

कापसानंतर पेरताय म्हणून सूत्रकृमींबद्दल सांगते. रेताड जमीन आणि कापूस म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असण्याची दाट शक्यता. पेरणीआधी मातीचा नमुना काउंटी एक्स्टेन्शनमधून, म्हणजे स्थानिक कृषी विस्तार कार्यालयातून तपासून घ्या. चवळीत याचा प्रतिकार फार जुना आहे. 'आयर्न' नावाच्या वाणात तो 1902 मध्येच नोंदवला गेला होता, आणि आज 'आयर्न अँड क्ले' म्हणून हरणांच्या चाऱ्याला आणि हिरवळीच्या खताला जे बी विकतात ते त्याच घराण्यातलं. मिसिसिपी सिल्व्हरमध्येही सूत्रकृमी आणि मर रोग या दोन्हींना प्रतिकार आहे. नमुन्यात आकडा मोठा आला तर सिल्व्हरचं पारडं जड होईल.

सिल्व्हर क्राउडर आहे, म्हणजे शेंगेत दाणे इतके दाटीने बसतात की टोकं चपटी होतात. सोलायला फार सोपा. पण शिजवल्यावर रस्सा गडद तपकिरी होतो. काहींना तोच हवा असतो, काही नाक मुरडतात. झिपर क्रीमचा रस्सा फिकट राहतो आणि दाणा मोठा. स्टँडवर थोडा झिपर ठेवलात तर चढा भाव मिळतो, पण तो पसरतो. एकरभरापुढे जाऊ नका.

कापसात कोणती तणनाशकं मारली होती तेही विचारा. काहींच्या लेबलवर पुढच्या पिकासाठी थांबण्याचा काळ दिलेला असतो.

---

तिफण

फ्रीझिंगवाल्यासाठी एक नाव राहिलं: चार्ल्स्टन ग्रीनपॅक. अमेरिकी कृषी खात्याच्या चार्ल्स्टनच्या प्रयोगशाळेतला, पिंकआय गटातलाच. याचा दाणा जवळजवळ वाळला तरी हिरवाच राहतो. म्हणजे कंबाइनने काढा, भिजवा, गोठवा, पिशवीत ताज्यासारखा दिसतो. तोडणीची घाई कमी. मात्र पिकून शेतात उन्हात राहिला की रंग उडतो, म्हणून 'घाई कमी' म्हणजे निवांत नव्हे. घेणाऱ्याला आधी विचारा, त्याची यंत्रं ओलसर हिरव्या दाण्याची आहेत की सुक्याची.

---

मातीत_हात

विचारलं. त्याला ओला हिरवा दाणाच हवा, ग्रीनपॅक त्याने कधी चालवलेला नाही. तेव्हा तो यंदा नाही.

मातीचा नमुना दिलाय. तोवर ठरवलंय ते असं: सात एकर क्विकपिक, तीन एकर बीव्हीआर तीन तुकड्यांत, एक एकर झिपर. उरलेला एकर नमुन्याच्या निकालावर, सूत्रकृमी निघाले तर सिल्व्हर. माती 65 अंश फॅरनहाइटच्या वर स्थिरावली की पहिली तुकडी. नत्र जवळजवळ नाही, बियाण्याला चवळीचं रायझोबियम (हवेतलं नत्र मुळांत बांधणारे जिवाणू) लावून पेरणार.

एक शेवटचा प्रश्न. तोडलेल्या शेंगा लगेच सोलायच्या की ठेवायच्या? भागीदार म्हणतो रात्रभर ठेवल्या की यंत्रात चांगल्या फुटतात.

---

शेवंती_ऑगस्टा

भागीदार बरोबर सांगतोय. किंचित मऊ पडलेली शेंग रोलरमधून चांगली फुटते, तट्ट ताजी असेल तर दाणा चेंगरतो. पण गोणीत दाबून ठेवू नका. चवळीची शेंग तोडल्यावरही खूप उष्णता सोडते, गोणीच्या मध्यभागी हात घातलात तर चटका बसेल आणि सकाळी वास येईल. जाळीच्या पोत्यात किंवा सच्छिद्र क्रेटमध्ये, पातळ थर, सावलीत, खाली पंखा. सोलले की लगेच थंड पाण्यातून काढून 40 अंश फॅरनहाइटच्या आसपास न्या. पंचवीस पौंडांच्या एका बुशेल शेंगांमधून दाणे साधारण निम्म्याच्या आसपास निघतात, त्या हिशेबाने शीतपेटी बघा.

---

काळी_माती

आणि सोलणी यंत्राचे रबरी रोलर आत्ताच तपासा, हंगामात सुटा भाग मिळत नाही. कापडावर पहिला भुंगा पडला की इथे कळवा.