जिताडा लीडर कापून जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रेवदंड्याच्या खाडीत पुलाच्या खांबांजवळ दोन महिने जिताड्याच्या मागे आहे आणि परवा तिसरा मासा गेला, आता डोकं फिरलंय. सेटअप सांगतो, 8 फुटी रॉड, 4000 चं रील, 30 पाउंडाची ब्रेड (विणलेला दोरा) आणि पुढे तेवढ्याच पाउंडाचा हातभर फ्लुरोकार्बन लीडर (मुख्य दोरा आणि गळ यांच्यामधला दोऱ्याचा तुकडा). अमावास्येचं उधाण होतं, ओहोटी लागून अर्धा तास झालेला, मिनो (माशाच्या आकाराचं नकली आमिष) खांबाच्या सावलीतून हळू ओढत होतो तेवढ्यात धाडकन हिसका, मासा पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं आणि दोरा एकदम सैल! लीडरचं टोक बघितलं तर वीतभर खरखरीत झालेलं आणि पुढे सुरीने कापल्यासारखं साफ. म्हणजे तोंडाने घासला आणि कल्ल्याच्या धारेने कापला असंच ना? की खांबावरच्या कालवांनी कापलं?

आता 50 ला जाऊ की थेट 60? जाड लीडरने छोट्या मिनोची चाल बिघडते का? भांगाला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत) पाणी संथ असतं तेव्हा मिनो सोडून जिवंत बोय (खाडीतला छोटा मासा) लावावी का, आणि लावली तर गळ पाठीत की ओठात?

मोठा लागला तर सोडणार आहे, जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठ्या सगळ्या अंड्यांवाल्या. हे घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, आधी लागू तर दे!