मदत हवी: भट्टीतून काढलेल्या काचेच्या ताटल्या तडकताहेत (फ्लोट काच + बांगड्यांचे तुकडे)

काचपान_चोपडा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अंदाजपंचे येतील, म्हणून सगळं लिहिते.

चोपड्यात आमचं खिडक्यांच्या काचांचं आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली काच कापायला लागले त्याला पंधरा वर्षं झाली. कापण्यात अडत नाही, वितळवणं मात्र नवीन आहे. मागच्या दिवाळीनंतर मातीकामाची एक वापरलेली विजेची भट्टी घेतली. आतून 14 इंच चौरस, 3 किलोवॅट, कॉइल तिन्ही बाजूंच्या भिंतींत, झाकणात नाही. तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल आहे आणि टप्पे टाकता येतील असा पीआयडी कंट्रोलर बसवून घेतलाय.

करायचंय ते असं: केळीच्या पानाच्या आकाराच्या ताटल्या, 11 इंच लांब, 5 इंच रुंद. आमच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात नजर जाईल तिथवर केळीच, आणि भरीत-पुरीचं जेवण पानावर वाढल्याशिवाय कुणाला जेवल्यासारखं वाटत नाही. श्रावणात आत्याकडे कानबाई बसते. तिच्या नैवेद्याला पाच ताटल्या माझ्या हातच्या द्यायच्या, असं मनात धरलंय.

खाली 4 एमएमची साधी फ्लोट काच (खिडकीला लावतात ती), वर तीच 4 एमएमची, आणि मध्ये हिरव्या बांगड्यांचे तुकडे पानाच्या शिरांसारखे मांडलेले. बांगड्या गावातल्या कासाराकडच्या, फुटलेल्या, माल फिरोजाबादचा. भट्टीचा क्रम एका परदेशी तक्त्यावरून घेतला: तासाला 200 अंशांनी 600 पर्यंत, मग तासाला 250 ने 820, तिथे 20 मिनिटं. मग 482 ला उतरवून 45 मिनिटं आणि भट्टी बंद. सध्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, म्हणून रात्री नऊला लावते आणि दुसऱ्या दिवशी हात लावता येईल इतकी गार झाली की उघडते.

चार ताटल्या झाल्या. पहिलीचे भट्टीतच दोन तुकडे. दुसरी आणि तिसरी उघडली तेव्हाच तडा गेलेला होता. चौथी अखंड निघाली, इतका आनंद झाला की त्याच दिवशी आत्याला नेऊन दिली. तिसऱ्या रात्री कपाटात ‘टक्’ असा आवाज झाला. आत्या उठून बघते तर ताटली आडवी चिरलेली. सकाळी फोनवर ‘काय व्हयनं गं हाई?’ एवढंच विचारलं तिने. मला उत्तर देता आलं नाही.

शिवाय वरच्या पृष्ठभागावर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर येतो, आणि दोन ताटल्यांत रुपयाएवढा बुडबुडा आलाय. पण आधी तडा. चूक कुठे आहे: तापवण्यात, गार करण्यात की बांगड्यांत?

---

तापीकाठ

ताई, सगळे तुकडे जपून ठेवले असतील तर बरं. तुटलेली काच स्वतःच सांगते कधी तुटली ते. प्रत्येक तड्याच्या कडेवरून बोट न फिरवता नुसती उजेडात धरून बघा. कड गोल, गुळगुळीत, वितळल्यासारखी असेल तर काच तापताना तुटली आणि नंतर कडा वितळून गोल झाल्या. कड धारदार असेल तर ती गार होताना किंवा नंतर तुटली. मग तड्याची वाट बघा. सरळ बांगड्यांमधून आरपार गेलाय, की बांगडीच्या तुकड्याला वळसा घालून?

---

काचपान_चोपडा

आत्ताच बघितलं. पहिलीच्या कडा गोल आहेत, एका ठिकाणी तर दोन्ही तुकडे पुन्हा चिकटायला लागले होते. बाकी तिन्ही धारदार. दुसरी आणि तिसरीत तडा पानाच्या एका टोकाकडून येऊन शेवटी आकड्यासारखा वळलाय. चौथीचा मात्र बांगडीच्या कडेकडेने जातो, जणू कुणी पेन्सिलने त्या तुकड्यांची बाहेरची रेघ काढावी तसा. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

तापीकाठ

म्हणजे तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या चुका आहेत. एकीचं औषध दुसरीला लागू पडणार नाही, म्हणून एकेक घेऊ.

पहिली ताटली तापवण्याच्या वेगाने गेली. मातीकामाच्या भट्टीत कॉइल भिंतींत असतात. 11 इंची ताटलीच्या कडा कॉइलजवळ येतात, मधला भाग मागे राहतो, आणि 500 च्या आत काच हा फरक सोसत नाही. तोवर तुमच्या भट्टीत तासाला 120 ते 150 पेक्षा जास्त वेग नको. ताटली कॉइलपासून जितकी आत सरकवता येईल तितकी सरकवा.

दुसरी आणि तिसरी अनीलिंगने गेली, आणि इथे तक्त्याने फसवलंय. 482 हा आकडा बुल्सआय कंपनीच्या, खास भट्टीकामाच्या काचेसाठी आहे. तुमची काच फ्लोट. फ्लोटचा अनीलिंग बिंदू साधारण 545 ते 550, आणि 510 च्या सुमाराला ती आतून पक्की होते. म्हणजे तुम्ही 482 ला थांबलात तेव्हा ताण आधीच आत गोठलेला होता. ती 45 मिनिटं वाया गेली. अनीलिंग म्हणजे काचेच्या आत-बाहेरचं तापमान एक होऊ देणं आणि मग सगळी काच एकाच चालीने आकसू देणं. त्यासाठी थांबायचं ते ती पक्की होण्याआधी.

दोन थर मिळून तुमची जाडी 8 एमएम. त्याला मी असं लावेन: तासाला 130 ने 540. मग तासाला 60 ने 670, तिथे 40 मिनिटं. मग जितक्या वेगाने जाईल तितक्या वेगाने 825, तिथे 10-12 मिनिटं, पीपहोल (आत बघायचं छिद्र) असेल तर डोळ्यांनी बघून. मग 550 पर्यंत उतरू द्या, तिथे दीड तास. तासाला 60 ने 430, तासाला 100 ने 370, मग भट्टी बंद. 50 च्या खाली आल्याशिवाय झाकण उचलायचं नाही, फटीतून डोकावायचंही नाही. प्रत्येक भट्टी आपल्या थर्मोकपलच्या जागेप्रमाणे 10-15 अंश इकडेतिकडे दाखवते, तेव्हा फ्यूजिंगचा, म्हणजे थर वितळून एक होण्याचा, आकडा तुमच्या भट्टीत तुम्हालाच बसवावा लागेल.

चौथी बांगडीने गेली. काच तापली की फुगते, गार झाली की आकसते, आणि प्रत्येक काचेचं हे प्रमाण वेगळं. भट्टीकामातली माणसं त्याला सीओई म्हणतात. बुल्सआयचा 90, ओशनसाइड कंपनीच्या भट्टीकाचेचा 96, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटचा 33. फ्लोटचा 85 च्या आसपास. बांगडीचा आकडा कुणीच लिहून देत नाही. ती फ्लोटपेक्षा जास्त आकसत असेल तर दोघींची ओढाताण सुरू होते, आणि ती अनीलिंगने जात नाही. कितीही सावकाश गार करा, दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी, कपाटात ठेवल्या जागी तडकणार.

---

बांगडीवाला_कासार

ताई, बांगड्यांबद्दल माझं एक. आमच्याकडे माल येतो तो फिरोजाबादच्या एका भट्टीचा नसतो. एकाच रंगाच्या दोन तोड्यांतली काचसुद्धा वेगळ्या घाण्याची असू शकते. आज एक तुकडा जमला म्हणून उद्याचा जमेल असं नाही. काचेवर काच लावायला बांगडी वापरू नका असंच मी म्हणेन. नुसत्या बांगड्या आपसात फ्यूज करायच्या तरी एकाच तोड्यातल्या घ्या.

---

काचपान_चोपडा

तुम्हा दोघांचे खूप आभार. बांगड्यांना माझा जीव अडकलाय, आजीच्या काळापासूनचा एक डबा आहे माझ्याकडे. तेव्हा अगदी सोडून देण्याआधी तपासून बघता येईल का? आणि फ्लोट काचेला एक टिनची (कथलाची) बाजू असते म्हणतात, ती कोणती हे कसं ओळखायचं? नोटा तपासायचा निळा दिवा लावून बघितला, दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या.

---

तापीकाठ

तपासता येतं. फ्लोटची एक पट्टी कापा, 8 इंच बाय दीड इंच. तिच्यावर ओळीने तुकडे मांडा: एक बांगडी, दुसरी बांगडी, तिसरी, आणि शेवटी त्याच फ्लोटचा तुकडा. हा शेवटचा फार महत्त्वाचा. पट्टी पूर्ण फ्यूज करा, वरच्यासारखं अनीलिंग करा. मग लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करून पट्टी त्याच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत जा, एका कोनात पडदा काळा होतो, तिथे थांबा. ताण असेल तिथे काळ्यात उजेड दिसेल. फ्लोटच्या तुकड्याभोवती उजेड दिसला तर तुमचं अनीलिंगच चुकलंय, बांगड्यांचा निकाल देऊ नका. तो तुकडा काळा आणि बांगडीभोवती प्रकाशाची कडी दिसली, तर ती बांगडी बाद.

टिनचं असं: फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते. पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये ही पद्धत जाहीर केली, तेव्हापासून खिडकीची काच जगभर अशीच होत गेली. कथलाला टेकलेल्या बाजूत थोडं कथील राहतं. ते 254 नॅनोमीटरच्या दिव्यात दुधाळ चमकतं. नोटांचा दिवा बहुतेक 365 चा असतो, त्यात दिसत नाही. 254 चा दिवा आणलात तर डोळ्यांवर चष्मा हवाच, हातावरही तो प्रकाश घेऊ नका. दोन्ही थरांत कथलाची बाजू खाली ठेवा. वर राहिली तर धुरकट झाक येऊ शकते.

---

सराफकट्टा

जळगावहून. काचेचं मला फारसं कळत नाही, पण तुमची ती साय आणि आमचा टाकणखार (बोरॅक्स) यांचा संबंध आहे. मित्राच्या मुलीला हेच करताना बघितलंय. सोनार डाग लावताना जी सवागी वापरतात तीच. कपभर गरम डिस्टिल्ड पाण्यात अर्धा चमचा विरघळवायची, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा म्हणजे काचेवर थेंब थेंब न होता पसरते, आणि वरच्या पृष्ठभागावर मऊ ब्रशने पातळ हात द्यायचा. कडेवरून खाली ओघळू द्यायची नाही, नाहीतर ताटली भट्टीतल्या शेल्फला धरते. सराफ बाजारात विचारा, सहज मिळेल.

---

तापीकाठ

सराफकट्टा बरोबर सांगताहेत. साय म्हणजे काचेच्या पृष्ठभागावर स्फटिक धरणं. फ्लोटला ही खोड जास्त. 700 च्या वर रेंगाळली की धरते, म्हणून 670 नंतर वेग वाढवायला सांगितलं. बोटांचे ठसे आणि कटरचं तेलही कारण होतं, मांडायच्या आधी काच स्वच्छ धुऊन पुसा.

बुडबुड्याचं कारण तुमच्या मांडणीत आहे. बांगडीचे कमानदार तुकडे दोन थरांमध्ये बंद कोपरा करतात, कडा आधी वितळून मिटतात आणि हवा आत अडकते. 670 चा थांबा त्यासाठीच आहे, पण हवेला बाहेर जायला वाट ठेवायलाच हवी.

---

कुंभारवाडा

काच चिकटू नये म्हणून शेल्फला किल्न वॉश कोणता लावता? आम्ही चायना क्ले आणि अॅल्युमिना हायड्रेट निम्मेनिम्म, ताकाइतकं पातळ, चार-पाच हात, दर वेळी ब्रशची दिशा बदलून. पूर्ण वाळल्याशिवाय काच ठेवू नका, ओल राहिली की तीही बुडबुडा करते. जुना थर खरवडताना मास्क लावा. काचेखाली घालायचा फायबर पेपर वापरत असाल तर नक्कीच, भाजल्यावर त्याची भुकटी फार बारीक उडते. आणि 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपियर. 16 अँपियरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

---

काचपान_चोपडा

नऊ दिवसांनी लिहितेय, मध्ये दोन वेळा रात्री वीज गेली आणि पट्टी पुन्हा लावावी लागली.

भावाचा मोटरसायकलवर लावायचा गॉगल पोलराइज्ड निघाला. पट्टीवर डब्यातल्या तीन बांगड्या आणि शेवटी फ्लोटचा तुकडा ठेवला होता. गॉगल फिरवला, पडदा काळा झाला, आणि तिन्ही बांगड्यांभोवती पांढऱ्या प्रकाशाची रेघ उमटली. गडद हिरवीभोवती सगळ्यात ठळक, चार ठिकाणी फुलासारखी. फ्लोटचा तुकडा मात्र काळाच, शोधावा लागला. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. आत्याला पहिल्यांदा कळलं की तिची ताटली रात्री का तडकली.

मग बांगड्या बाजूला ठेवल्या आणि साध्या दोन थरांची ताटली तापीकाठ यांच्या क्रमाने लावली. अखंड निघाली, गॉगलमध्ये काळी. सवागी लावली होती, साय नाही. आता शिरांसाठी काय? तांब्याची तार चालेल का? मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बारीक तार मिळते.

---

तापीकाठ

चालेल, पण बारीकच. तांबं काचेच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तार जाड असेल तर तीच तडा देईल, केसाइतकी बारीक असली की वाकून जमवून घेते. रिवाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं, ते आधी उघड्यावर जाळून पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर त्याचा धूर बुडबुडे करेल. टोकं कडेपासून अर्धा इंच आत थांबवा म्हणजे तांबं अन्नाला लागणार नाही. जिथे हवा लागते तिथे तांबं निळसर-हिरवं होतं, बंद जागी लालसर. मधली शीर आणि बाजूच्या शिरा वेगवेगळ्या रंगांच्या आल्या तर घाबरू नका.

खोलगटपणा द्यायला दुसऱ्यांदा भट्टी लावा, तासाला 100 ने 700 च्या आसपास, काच बसताना बघत. साचा कुंभाराकडचा बिनझिलईचा भाजलेला घ्या, त्यालाही किल्न वॉश, तळाला दोन छिद्रं. स्टीलच्या ताटात बसवू नका. स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं आणि आतल्या काचेला आवळून फोडतं.

---

काचपान_चोपडा

साचा कुंभाराला सांगून आले, लांबट, मध्ये पाऊण इंच खोल. छिद्रं भाजायच्या आधीच पाडून देतो म्हणाला. तार जाळून घासून ठेवलीय. शनिवारी रात्री भट्टी लावते.