मदत हवी आहे: १९८४ चा ऑप्टिमस प्राइम की कंपनीने नंतर परत काढलेला? भावाचा अंदाज द्या

डोंबिवलीकर७९

मंडळी, प्रश्न खेळण्याचा आहे आणि विचारणारा सेहेचाळीस वर्षांचा आहे. तेव्हा हसायचं ते आधी हसून घ्या.

दादा पुढच्या महिन्यात पन्नाशीचा होतोय. त्याला ट्रान्सफॉर्मर्स या रोबोट होणाऱ्या खेळण्यांमधला ऑप्टिमस प्राइम द्यायचं मनात आहे. सिनेमातला खवल्याखवल्यांचा नव्हे. तो जुना, ठोकळेबाज, ट्रकची केबिन उभी केली की माणूस होणारा.

१९८६ च्या मे महिन्यात काका मस्कतहून आला. टँगची बाटली, निडोचा डबा, आईला साडी, आणि दादाला हा लाल-निळा ट्रक. स्टिकर सुटे होते, आपणच लावायचे. रात्री पाटावर वर्तमानपत्र पसरून, बाबांचा पोस्टाच्या तिकिटांचा चिमटा घेऊन दादा आणि काका बसले होते. ट्रेलरच्या एका बाजूचा ऑटोबॉटचा (गोष्टीतल्या भल्या रोबोटांच्या टोळीचा) लाल चेहरा तिरका बसला. काढायला गेले तर कोपरा फाटला, मग तसाच ठेवला. मला हात लावायची परवानगी नव्हती. मी लावला. रोबोटच्या मुठी वेगळ्या असतात, ट्रक करताना त्या काढून ठेवाव्या लागतात. मी गॅलरीच्या कठड्यावर ट्रकचा रोबोट करत होतो, डावी मूठ हातातून सुटली ती थेट चाळीच्या सार्वजनिक मोरीत. दादा दोन दिवस बोलला नाही. पुढे घर बदललं आणि ते खेळणं कुठे गेलं कोणास ठाऊक.

आता भाव. मुंबईतला एक विक्रेता '१९८४ ओरिजिनल, डबा बंद, कधी खेळलेला नाही' म्हणून १८,५०० सांगतोय. जपानहून माल आणणाऱ्या एकाकडे 'मिसिंग लिंक' नावाचा नवा प्रकार आहे, तो १९,००० म्हणाला. तिसरा एक २,८०० ला देतो आणि म्हणतो 'सेम टू सेम'. तिन्ही फोटोंत मला एकच ट्रक दिसतोय. भाव कशाचा आहे हे कोणी समजावेल का?

चिंचपोकळी

आधी हसून घेतलं. आता वाचते.

जुना_बाजार

डबाबंद १९८४ चा ऑप्टिमस १८,५०० ला मिळत असेल तर माझ्यासाठी दोन सांगून ठेवा. त्या अवस्थेतला खरा माल या भावाच्या आसपासही नसतो.

एक बघून सांगा. केबिनच्या दोन्ही बाजूंना धुराच्या उभ्या नळ्या आहेत. त्या छपराच्या किती वर जातात? आणि विक्रेत्याने ओरिजिनल असल्याचा पुरावा म्हणून काही दाखवलंय का?

डोंबिवलीकर७९

फोटो मोठा करून पाहिला. नळ्या छपराच्या जेमतेम वर आहेत. पुरावा म्हणून छातीवरचं एक चौकोनी लेबल दाखवलंय. बोटाने घासलं की उष्णतेने त्यात चेहरा उमटतो. त्याचा व्हिडिओही पाठवलाय.

जुना_बाजार

झालं मग. १९८४ च्या नळ्या चांगल्या लांब होत्या. २००२ मध्ये अमेरिकेत हाच ट्रक परत काढला तेव्हा लहान मुलांच्या सुरक्षेच्या नियमांपायी त्या आखूड केल्या. त्याच सुमारास जपानमध्ये निघालेल्यात लांबच राहिल्या. म्हणजे तुमचा '१९८४ ओरिजिनल' फार तर २००२ चा. किंवा त्या २००२ च्याची चिनी नक्कल.

लेबलाचं तर त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. नकली मालाला आळा घालायला ती घासायची लेबलं आली १९८५ पासून. १९८४ च्या पहिल्या मालावर ती नव्हतीच. त्यामुळे लेबल नाही म्हणून माल खोटा ठरत नाही, आणि आहे म्हणून १९८४ चाही ठरत नाही. आता विक्रेत्याशी भांडत बसू नका, अनेकांना स्वतःलाच माहीत नसतं. फक्त 'ट्रेलरच्या आतले आणि केबिनच्या खालचे कंपनीचे छाप दाखवा' म्हणा. बहुतेकदा तिथून पुढे उत्तर येत नाही.

आता भाव कशाचा, तर साच्याचा. ऑप्टिमस हा मुळात अमेरिकन नाहीच. जपानच्या ताकारा कंपनीची डायक्लोन नावाची खेळणी होती, त्यात हा 'बॅटल कॉन्व्हॉय' म्हणून होता. आत बोटाच्या पेराएवढे चालक बसायचे. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ती खेळणी घेतली, अमेरिकेत १९८४ ला नवी नावं, नवी गोष्ट देऊन विकली. जपानी डब्यावर आजही 'कॉन्व्हॉय'च लिहिलेलं असतं, ते पाहून नकली समजू नका. साचा ज्याच्याकडे तो हवा तेव्हा परत माल काढतो आणि प्रत्येक वेळी जुन्या, वापरलेल्या, मुठी हरवलेल्या ट्रकचा भाव खाली बसतो. कारण ज्याला नुसता कपाटात ठेवायचाय त्याला नवाकोरा मिळतो. डबा, थर्माकोल, कागदपत्रांसकट असलेल्या मालाला त्याचा फारसा धक्का लागत नाही.

उलट जेटफायर बघा, ट्रान्सफॉर्मर्समधलाच विमानाचा रोबोट. तो ताकाराचा नव्हताच, ताकातोकू कंपनीच्या विमानाचा साचा होता आणि हक्क पुढे बांदाई या दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यामुळे हॅस्ब्रो त्या साच्यातला माल परत काढू शकत नाही आणि जुन्याचा भाव ताठच राहतो. शिवाय पांढरं प्लास्टिक, ते पिवळं पडतं. दातांसारखा पांढरा जेटफायर दिसला तर आधी संशय घ्यायचा, मग आनंद मानायचा.

तोक्योतली_मावशी

मिसिंग लिंकबद्दल मी सांगते, भाच्यासाठी घेतला होता. २०२४ मध्ये ताकारा टोमीने काढला (ताकारा आणि टोमी २००६ मध्ये एक झाल्या). हा जुन्या साच्यातून काढलेला नाही. दिसायला ८४ चाच, पण आत सगळे सांधे नव्याने घडवलेत. मूळचा तुम्ही उभा केलात की कवायतीला उभ्या केलेल्या पोरासारखा उभाच राहतो. हा गुडघा टेकतो, मान वळवतो, बंदूक दोन्ही हातांनी धरतो. ट्रेलरसकट एक आवृत्ती आहे आणि ट्रेलरशिवाय एक. १९,००० कुठल्याचे ते आधी विचारा! बिनट्रेलरच्याचे सांगत असेल तर सरळ फोन ठेवा.

एक मात्र सांगते. भाचा तासभर खेळला आणि म्हणाला, 'मावशी, हा चांगला आहे पण आपला नाही.' त्याचं वय चाळीस.

निवृत्त_शुल्कवाला

दुकानदाराला सरसकट लुटारू ठरवू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ मध्ये ७०. म्हणजे १०,००० चा माल आणला की नुसतं मूळ शुल्कच ७,०००, जीएसटी वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा छोट्या व्यापाऱ्याला असला माल मागवणं म्हणजे डोक्याला ताप.

स्वतः पार्सल मागवलंत तर हिशोब वेगळ्या दराने होतो, पण होतो. 'गिफ्ट' लिहून सुटायचा जमाना डिसेंबर २०१९ मध्ये संपला. राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. सगळ्यात सोपं म्हणजे कुणी नातेवाईक येत असेल तर त्याच्या सामानातून. एक-दोन खेळणी सवलतीच्या मर्यादेत सहज बसतात.

अवांतर: ऑप्टिमसच मागवा, त्याचा शत्रू मेगाट्रॉन नको. जुना मेगाट्रॉन म्हणजे हुबेहूब वॉल्थर पी-३८ पिस्तूल. हातातल्या पिशवीत ते घेऊन विमानतळावर 'अहो, हा रोबोट होतो' हे समजावण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलंय.

चिंचपोकळी

त्याने तिथे रोबोट करून दाखवला की नाही?

निवृत्त_शुल्कवाला

दाखवायला लागला. मध्येच अडकला. घामाने हात घसरत होते बिचाऱ्याचे.

गोंयकार

ट्रान्सफॉर्मर्सवाल्यांत घुसतोय, माफी. आमच्या गोव्यात फनस्कूलचा कारखाना. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रोने मिळून काढलेली कंपनी. त्यांचे जी. आय. जो नावाचे खेळण्यातले सैनिक आम्ही दातांनी चावले, वाळूत पुरले. आता अमेरिकेतले संग्राहक तेच भारतीय सैनिक मुद्दाम शोधतात, कारण रंगांच्या जोड्या आपल्याकडच्या वेगळ्याच होत्या. तेव्हा ज्यांना आपण 'दुय्यम' म्हणून गल्फच्या मालापुढे नाक मुरडायचो, त्यांचा आज भाव आहे. पुरलेले काही अजून कोलव्याच्या किनाऱ्यावर असतील.

जुना_बाजार

२,८०० वाल्याचं राहिलं. ती नक्कल आहे, पण सगळ्या नकला टाकाऊ नसतात. सांधे सैल, क्रोमचा मुलामा नखाने निघतो, टायरना रॉकेलसारखा वास. कपाटात ठेवायला चालेल. पन्नासाव्या वाढदिवसाला द्यायला नाही. मी तुमच्या जागी असतो तर २००२ नंतरचा खरा, डबा उघडलेला शोधला असता. विक्रेता '२००२ चा आहे' हे कबूल करत असेल तर सहा-सात हजारांपर्यंत जा. त्याहून वर मी जाणार नाही.

डोंबिवलीकर७९

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याला छाप दाखवा म्हटलं, तेव्हापासून दोन निळ्या खुणा आणि शांतता.

दरम्यान बायको म्हणाली, 'भावजींना हवाय का ते तरी काढून घ्या आडून आडून.' म्हणून काल दादाला फोन केला आणि गल्फच्या सामानाचा विषय काढला. टँग आठवलं. निडोच्या डब्यात आई पुढे बारा वर्षं रवा ठेवायची ते आठवलं. मग मी म्हटलं, आणि तुझा तो ट्रक.

दादा म्हणाला, 'माझा? तो तुझा होता की. मला रेडिओ-घड्याळ आणलं होतं. तू ट्रकला हात लावू द्यायचा नाहीस, रात्री उशाशी घेऊन झोपायचास.'

मी म्हटलं, अरे मूठ मोरीत पडली तेव्हा दोन दिवस बोलला नाहीस. तो म्हणाला, 'मूठ मी पाडली. बोलत नव्हतास तू.'

काकाला विचारलं. तो ७८ वर्षांचा आहे, म्हणाला 'दोघांत मिळून आणलं असेल रे, तेव्हा कुठे दोन-दोन परवडत होतं.' आईला विचारण्यात अर्थ नाही, तिला सगळी खेळणी 'तो बॉल' म्हणून आठवतात.

आज सकाळी काकाच्या सांगण्यावरून कोल्हापूरच्या घराचा माळा चुलतभावाने उघडला. पितळी समई, एक फुटका स्टोव्ह आणि ट्रेलर. नुसता ट्रेलर, केबिन नाही. फोटो आलाय. एका बाजूला ऑटोबॉटचा चेहरा तिरका, कोपरा फाटलेला. आत ती छोटी सहा चाकांची गाडीही आहे, दोन चाकं गायब.

तर प्रश्न बदलतो. आता पूर्ण सेट नको. फक्त केबिन, म्हणजे रोबोट, सुटा मिळतो का? आणि परत काढलेल्याची केबिन १९८६ च्या ट्रेलरला बसेल का?

जुना_बाजार

बसायला हवी, साचा तोच आहे. लाल रंग किंचित वेगळा दिसेल, उन्हात ठेवून सारखा करायला जाऊ नका. ट्रेलर मात्र पुसू नका अजून! ओल्या फडक्याने स्टिकर उठतो. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

सुटी केबिन एकाकडे पाहिल्याचं आठवतंय, व्यक्तिगत निरोप टाकतो. दोन हजारांच्या आत मागेल. बंदूक नाही त्याच्याकडे. मुठींचं काय करायचं? सुट्या मिळतात, थ्री-डी छापलेल्याही चालतात.

डोंबिवलीकर७९

उजवी घेतो. डावीचं दादाला विचारून सांगतो.