सोसायटी ग्रुप : फँटसी रोल-प्लेइंग खेळाची सुरुवात कशी करावी?

ए-२०३ :
सर्वांना नमस्कार. आमच्या मुलाने आणि त्याच्या तीन मित्रांनी सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचे ठरवले आहे. चौघांपैकी एकानेही हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मी ऑनलाइन शोधायला गेले, तर तीन जाडजूड पुस्तके, फाशांचे संच, नकाशे, छोट्या मूर्ती असे इतके काही समोर आले की नेमके काय घ्यावे आणि कोणी काय वाचावे हेच कळेना. सी-४०५ मधल्या ताई हा खेळ नियमित चालवतात, असे ऐकले. त्यांनी सवडीने सांगितले तर फार बरे होईल.

सी-४०५ :
नमस्कार वहिनी. मुलांना हे सुचले याचा मला मनापासून आनंद झाला. आधी एकच विनंती करते : पुस्तके लगेच मागवू नका. आधी सगळे नियम समजून घ्यायचे आणि मग खेळायला बसायचे, असा क्रम बहुतेक जण लावतात आणि त्या वाचनातच त्यांचा उत्साह संपून जातो. माझ्या मते आधी एक बैठक खेळावी, नियम हाताशी ठेवावेत, आणि जो नियम लागेल तोच त्या वेळी उघडून पाहावा.

खेळाचा गाभा अगदी थोडक्यात सांगता येतो. एक जण डंजन मास्टर होतो. सगळे त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल खरोखर अनिश्चित आहे आणि जी फसली तर काहीतरी बिघडणार आहे, तेवढ्यापुरताच फासा टाकला जातो. दार उघडणे, जिना चढणे, ओळखीच्या माणसाशी बोलणे यांसाठी फासा लागत नाही. नवीन मंडळी प्रत्येक पावलाला फासा टाकतात आणि खेळ रखडतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे.

सी-४०५ :
उदाहरण दिले तर अधिक स्पष्ट होईल. समजा डीएम म्हणतो, ‘ओढ्यावर जुना लाकडी पूल आहे. पलीकडच्या टोकाला दोन गॉब्लिन (छोटे, दुष्ट राक्षस) भाले घेऊन बसले आहेत आणि त्यातला एक पेंगतो आहे. ओढ्याला कमरेइतके पाणी आहे. तुम्ही काय करता?’ एक खेळाडू म्हणतो, ‘मी झाडीतून खाली उतरतो आणि पाण्यातून पलीकडे जातो.’ दुसरा म्हणतो, ‘मी सरळ पुलावरून चालत जातो आणि त्यांच्या सरदाराचा निरोप्या असल्याची बतावणी करतो.’ या दोन्ही युक्त्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नसतात. त्या तिथेच, त्या क्षणी सुचतात, आणि त्या सुचण्यातच या खेळाची खरी गंमत आहे.

जागा असलेला गॉब्लिन संशयी आहे, म्हणून डीएम मनाशी १५ चे लक्ष्य धरतो. नियमांनुसार सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० धरायचे असतात. खेळाडू २० बाजूंचा फासा टाकतो. फाशावर ९ पडतात, पात्राच्या बतावणीच्या कौशल्याचे ५ मिळवले की १४ होतात, म्हणजे एकाने हुकले. इथे ‘तो ऐकत नाही’ एवढेच सांगून डीएम गप्प बसला तर प्रसंग जागच्या जागी अडकतो. त्यापेक्षा त्याने म्हणावे, ‘गॉब्लिन भाला खाली घेतो, पण सरदाराचे नाव विचारतो आणि पेंगणाऱ्या सोबत्याला लाथ मारून उठवतो.’ आता दोघेही जागे आहेत, एक खेळाडू पाण्यात अर्ध्या वाटेवर आहे आणि दुसऱ्याला तोंडातून एक नाव काढायचे आहे. फासा हुकला तरी कथा पुढे सरकली.

याच प्रसंगात आधी सापडलेले गॉब्लिनांचे निशाण त्या खेळाडूने आठवणीने हातात धरले असते, तर डीएम त्याला ॲडव्हान्टेज देतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. एका फाशात ५५ टक्के असलेली यशाची शक्यता त्यामुळे जवळजवळ ८० टक्क्यांवर जाते. चांगल्या कल्पनेला नियमांतूनच असे बळ मिळते, आणि हे एकदा अनुभवले की मुले आपोआप बारकाईने ऐकू लागतात.

डी-१०१ :
ताई, आपण छान समजावलेत. माझ्या दोन साध्या शंका आहेत. यात जिंकते कोण? आणि फासे आले म्हणजे त्यावर काही लावायचे असते का? घरातल्या मोठ्यांना हे आधी माहीत असलेले बरे.

सी-४०५ :
काका, आपले विचारणे अगदी योग्य आहे. यात काहीही लावायचे नसते. जिंकणे-हरणेही नेहमीच्या अर्थाने नसते, कारण सगळी पात्रे एकाच बाजूची असतात आणि डीएम त्यांचा प्रतिस्पर्धी नसतो. राक्षसांच्या वतीने तोच फासे टाकतो हे खरे. पण त्याला खेळाडूंना हरवायचेच असते तर तो दहा राक्षस आणखी उभे करू शकला असता. त्याचे काम संकट खरे वाटेल असे उभे करणे आणि खेळाडूंनी काढलेल्या वाटेला न्याय देणे हे आहे.

या खेळाचा उगम पाहिला तर हे नीट उमगते. पूर्वी टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाईचे खेळ खेळले जात. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाला फौजेऐवजी एकच माणूस दिला; तो माणूस एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत तसाच पुढे जाई आणि अनुभवाने मोठा होई. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. फौजेचा सेनापती असण्यापेक्षा एका माणसाच्या जागी उभे राहून निर्णय घेणे किती वेगळे आहे, हे त्यातून लोकांना कळले आणि तेव्हापासून असे शेकडो खेळ निघाले.

बी-७०४ :
ताई, माझाही विचार होता, पण ३०० हून अधिक पानांचे ‘प्लेयर्स हँडबुक’ पाहून मी थांबलो. ते न घेता सुरुवात खरोखर होते का? शिवाय २०१४ आणि २०२४ अशा दोन आवृत्त्या दिसतात. त्यातली कोणती धरावी?

सी-४०५ :
खरोखर होते. मूलभूत नियम मोफत आणि अधिकृतपणे मिळतात. पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या २०१४ च्या नियमांचा, ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ नावाचा नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला आणि पुढे २०२४ च्या नियमांवर आधारलेला संचही तसाच खुला झाला. कुणाच्या तरी चोरून काढलेल्या प्रतीवर अवलंबून राहायची काहीच गरज नाही. आवृत्ती कोणतीही चालेल, मात्र पूर्ण गटाने एकच धरावी. दोन्हींचा सांगाडा एकच असला तरी मंत्रांचे आणि पात्रांच्या क्षमतांचे तपशील बदललेले आहेत, आणि पहिल्याच बैठकीत दोघे जण दोन पुस्तके उघडून वाद घालत बसले तर बाकीचे कंटाळतात.

खर्च करायचाच असेल तर स्टार्टर सेट घ्यावा. त्यात संक्षिप्त नियम, फासे, एक तयार साहस आणि आधीच भरलेल्या कॅरेक्टर शीट असतात. पहिल्या वेळी पात्र स्वतः घडवू नये, असे माझे ठाम मत आहे. योद्धा, चोर, जादूगार, पुरोहित यांतून निवडताना ‘सर्वांत चांगले कोणते’ हा प्रश्न येतोच, आणि ज्याने खेळच पाहिलेला नाही त्याला त्याचे उत्तर कसे कळणार? तयार पात्र घेऊन दोन बैठका खेळल्यावर आपल्याला काय आवडते ते समजते. मग नवे पात्र एका तासात उभे राहते.

कॅरेक्टर शीट पाहून मात्र घाबरू नये. त्यावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव अशा सहा गुणांचे आकडे असतात. १० किंवा ११ म्हणजे सामान्य माणूस, त्यामुळे फाशात काही मिळवायचे नाही. १६ असेल तर ३ मिळवायचे. त्या पात्राला त्या कामाचे शिक्षण असेल तर पहिल्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवर, आणखी २ मिळतात. वरच्या उदाहरणातले ५ असेच आले होते. शीटवरच्या बाकी चौकटी गरज पडेल तशा कळत जातात.

ए-५०१ :
मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. नवशिक्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नेच सुरुवात का करावी? त्यात लढाईचे नियम बरेच आहेत आणि चार जणांची एक चकमक सहज तासभर चालते. ‘माउसरिटर’ सारख्या खेळात पात्रे म्हणजे इवलेसे उंदीर असतात, गुण तीनच असतात, लढाईत वार लागला की नाही हे पाहण्यासाठी वेगळा फासा टाकावा लागत नाही, आणि पात्र काही मिनिटांत तयार होते. मुलांना असे काहीतरी अधिक जवळचे वाटेल.

सी-४०५ :
आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि डीएम होणाऱ्याला नियम पाठ करायची धास्ती वाटत असेल तर मीही तोच खेळ सुचवेन. परंतु मुलांनी नाव घेऊन एक खेळ निवडला आहे, त्यातले ड्रॅगन आणि मंत्र त्यांच्या डोक्यात आधीच घोळत आहेत, आणि तो उत्साह कोणत्याही सोप्या नियमावलीपेक्षा मोलाचा आहे. शिवाय त्याचे खेळाडू जास्त असल्यामुळे अडले तर विचारायला माणसे सहज भेटतात. लढाई लांबते हे खरे. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या साहसात एकच चकमक ठेवावी आणि निम्मे शत्रू पडले की उरलेल्यांना पळू द्यावे. जीव वाचवायला पळणारा गॉब्लिन जास्त खरा वाटतो.

ए-२०३ :
आता प्रश्न असा की चौघांत डीएम कोणी व्हावे? प्रत्येकाला पात्रच हवे आहे.

सी-४०५ :
वहिनी, ज्याला गोष्टी सांगायला आवडतात आणि जो इतरांचे ऐकून घेतो, त्याने व्हावे. नियम सर्वांत जास्त ज्याला येतात तोच हवा, असे नाही. पहिल्या बैठकीला मी डीएम होईन, म्हणजे चौघांनाही एकदा पात्र होऊन खेळता येईल. त्यानंतर त्यांच्यातला एक जण तयार होईल याची मला खात्री आहे.

तो जो कोणी असेल त्याला आताच एक गोष्ट सांगून ठेवते. नवा डीएम वहीभर राज्ये, राजघराणी आणि हजार वर्षांचा इतिहास लिहितो, आणि खेळाडू त्यातल्या एकाही पानाकडे जात नाहीत. पहिल्या साहसाला एक जागा, एक अडचण आणि ती सोडवण्याची निकड एवढे पुरते. उदाहरणार्थ, गावाचा वैद्य जुन्या मनोऱ्यात अडकला आहे आणि आजारी माणसाला रात्रीपर्यंत औषध मिळायला हवे. मनोऱ्यात शिरायला तीन वाटा असाव्यात आणि खेळाडूंनी चौथी शोधली तर तीही चालू द्यावी. ज्या माहितीवाचून कथा पुढे जाऊ शकत नाही, ती मात्र फाशावर सोडू नये. भिंतीतले गुप्त दार हीच एकमेव वाट असेल आणि ते शोधण्याचा फासा सर्वांचाच हुकला, तर पुढचा तास सगळे भिंती चाचपत बसतात. दार सापडू द्यावे. फासा ते आवाज न करता उघडते का, यासाठी टाकावा.

पहिल्या लेव्हलची पात्रे नाजूक असतात, हेही त्याच्या ध्यानात असावे. जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याच्या ताकदीचे गुण, सात-आठच असतात आणि भाल्याचे दोन घाव त्याला खाली पाडतात. खाली पडणे म्हणजे लगेच मरणे नव्हे : आपल्या पाळीला तो फासा टाकतो, १० किंवा अधिक पडले तर यश, आणि तीन अपयशांआधी तीन यशे मिळाली तर तो वाचतो. तेवढ्या वेळात सोबत्यांनी धावून जाणे, हे सुरुवातीच्या खेळातले फार सुंदर क्षण असतात.

बी-७०४ :
मुलांमध्ये भांडणे होणार नाहीत ना? एक जण दुसऱ्याच्या पात्राचे सामान चोरतो आणि ‘माझे पात्र चोरच आहे’ म्हणतो, असे मी ऐकले आहे.

सी-४०५ :
असे होते, म्हणून खेळाआधी अर्धा तास नुसते बोलायला ठेवतात. त्याला सेशन झिरो म्हणतात. साहस भीतिदायक असावे की हलकेफुलके, कोणते विषय कोणालाही नको आहेत, किती वेळ बसायचे, हे तिथेच ठरते. सोबत्यांच्या विरोधात काही करायचे नाही, हा नियमही तिथेच सर्वांच्या संमतीने करावा. पात्र चोर असले तरी ते कोणाचे चोरते हे खेळाडूच ठरवतो, त्यामुळे ती सबब चालत नाही. एखादा मुलगा गप्प असेल तर डीएमने त्याच्या पात्राचे नाव घेऊन ‘तू काय करतोस?’ असे विचारावे. मोठ्याने बोलणाऱ्यांच्या गर्दीत असे मूल अनेकदा सर्वांत चांगली युक्ती मनात धरून बसलेले असते.

डी-१०१ :
धन्यवाद ताई, माझ्या शंकांचे समाधान झाले. क्लबहाउसची चावी माझ्याकडे असते. नकाशा मांडायला मोठे टेबल लागेल का?

सी-४०५ :
काका, साधे टेबल पुरेल. पहिल्या दिवशी मूर्ती आणि छापील नकाशे नकोत. चकमकीच्या वेळी चौकटींच्या वहीचे पान आणि चार बटणे पुरतात. एक चौकट म्हणजे ५ फूट, आणि बहुतेक पात्रे एका पाळीत ३० फूट म्हणजे सहा चौकटी चालतात. शनिवारी दुपारी चार ते सात अशी वेळ ठेवू या. तयार पात्रांच्या शीट मी छापून आणते. मुलांनी फक्त पेन्सिल आणि खोडरबर आणावा, कारण हिट पॉइंट सारखे खोडावे लागतात.

ए-२०३ :
चौघेही येतील. फाशांचा एकच संच चालेल का, की प्रत्येकाला वेगळा हवा?

सी-४०५ :
एका संचात ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक आणि १० बाजूंचे दोन, असे सात फासे असतात, आणि असा एक संच चौघांत फिरवून चालतो. फक्त २० बाजूंचा फासा सारखा लागतो, म्हणून तेवढे दोन-तीन जादा माझ्याकडचे आणते.